जाहिरात आपली, माल दुसऱ्याचा: गूगलवरून कमिशन कमवायला सेलवासमध्ये खर्च किती?

पाच हजार रुपये. गूगलवर जाहिरात द्यायची, दुसऱ्याचा माल खपवून द्यायचा आणि त्यावर कमिशन घ्यायचं, हा धंदा आपल्याला जमेल का हे पाहायला नुसत्या जाहिरातीवर साधारण एवढे पैसे घालावे लागतात. त्यातले बहुतेक पहिल्या महिन्यात परत येत नाहीत. हे अगदी सुरुवातीला सांगतो, कारण ज्यांना हा धंदा शिकवायचे पैसे मिळतात ते हा आकडा शेवटी सांगतात किंवा सांगतच नाहीत.

सेलवासमध्ये ही गोष्ट सांगणं मला जास्त गरजेचं वाटतं. आमली, मसाट, रखोली, खडोली, नरोली या पट्ट्यात यार्नच्या आणि प्लास्टिकच्या कारखान्यांत महाराष्ट्रातून आलेली कितीतरी मुलं काम करतात. पगार ठरलेला, ओव्हरटाइमचा भरवसा नाही, खोलीचं भाडं दर महिन्याला द्यायचंच. पाळी संपवून खोलीवर आलं की मोबाइलवर ‘घरबसल्या महिना पन्नास हजार’चा व्हिडिओ समोर येतो. तो सगळा खोटा असतो असं नाही. कमिशनचा धंदा खरा आहे, त्यात कमावणारी माणसंही आहेत. पण त्याचा जमाखर्च कागदावर मांडून कोणी दाखवत नाही. तो इथे मांडतो.

धंदा चालतो असा. एखाद्या बाईंनी गूगलवर ‘तीन हजारांत चांगला मिक्सर’ असं शोधलं. वरच्या दोन-चार ओळी ‘प्रायोजित’ असतात, त्यातली एक तुमची. त्यांनी तिच्यावर बोट ठेवलं की गूगल तुमच्या खात्यातून पाच, आठ, दहा, जो भाव लागला असेल तेवढे रुपये कापून घेतं. त्यांनी पुढे काही घेतलं की नाही, याच्याशी गूगलचा संबंध नाही. त्या तुमच्या वेबसाइटवर येतात, तुम्ही लिहिलेली माहिती वाचतात आणि पटली तर तिथल्या लिंकवरून ऑनलाइन दुकानात जातात. तिथे खरेदी झाली, माल परत आला नाही, तर दुकान तुम्हाला किमतीच्या काही टक्के देतं. म्हणजे क्लिकचे पैसे नक्की जातात आणि कमिशनचे कदाचित येतात. या दोन आकड्यांमधलं अंतर हाच सगळा धंदा.

अ‍ॅमेझॉनने कमिशनची ही पद्धत १९९६ मध्ये सुरू केली. क्लिकमागे पैसे घेण्याचा लिलाव १९९८ मध्ये गोटू डॉट कॉम या अमेरिकी कंपनीने आणला. गूगलची अ‍ॅडवर्ड्स सेवा २००० मध्ये आली आणि २००२ पासून तिथेही क्लिकवर आकारणी सुरू झाली. २०१८ पासून तिचं नाव गूगल अ‍ॅड्स आहे. सुरुवातीच्या काळात स्वतःची वेबसाइटही लागत नसे. जाहिरातीतून माणूस थेट दुकानाच्या पानावर पाठवायचा आणि मधलं कमिशन घ्यायचं. जानेवारी २००५ मध्ये गूगलने ठरवलं, की एका शोधाला एका पत्त्याची एकच जाहिरात दिसेल. दुकान स्वतः जाहिरात देऊ लागलं की दलालांच्या जाहिराती आपोआप मागे पडल्या. आजही ‘वेबसाइटशिवाय कमवा’ असं शिकवणारे व्हिडिओ निघतात. तो वीस वर्षांपूर्वीचा धंदा आहे.

खिशातून काय काय जातं

वेबसाइटचं नाव, म्हणजे डोमेन, ‘डॉट इन’चं घेतलं तर वर्षाला साधारण पाचशे ते हजार रुपये. ती ठेवायची जागा, म्हणजे होस्टिंग, वर्षाला अडीच ते चार हजार. होस्टिंगवाले पहिल्या वर्षाचा दर खूप कमी दाखवतात. पैसे भरण्याआधी दुसऱ्या वर्षाचा दर पाहून घ्या, बऱ्याचदा तो दुप्पट-तिप्पट असतो. वर्डप्रेस फुकट आहे आणि शिकायला आठ-पंधरा दिवस संध्याकाळचे दोन तास पुरतात. वेबसाइट दुसऱ्याकडून करून घेतली तर त्याची मजुरी वेगळी. पण ज्याला स्वतःच्या पानावरची एक ओळ बदलायला दुसऱ्याला फोन करावा लागतो त्याला हा धंदा परवडत नाही, असं माझं मत आहे.

जाहिरातीच्या खर्चावर १८ टक्के जीएसटी लागतो. गूगलकडे शंभर रुपयांची जाहिरात चालवायची तर खिशातून एकशे अठरा जातात. जीएसटी नोंदणी असलेल्या धंद्याला हे अठरा रुपये पुढे वळते करून घेता येतात. नोंदणी नसलेल्या माणसाचे ते गेलेच. म्हणून हिशेब करताना क्लिकचा भाव नेहमी १.१८ ने गुणून घ्यायचा. पाच हजार भरले तर प्रत्यक्ष जाहिरातीला लागतात ४,२३७ रुपये.

रोजचं बजेट तुम्ही ठरवता, पण गूगल ते सरासरी म्हणून धरतं. रोज २०० रुपये लिहिलेत तर एखाद्या दिवशी ४०० पर्यंत खर्च होऊ शकतो. महिन्याचा एकूण खर्च मात्र रोजच्या बजेटच्या ३०.४ पटीच्या वर जात नाही. पहिल्या दिवशी दुप्पट पैसे गेलेले पाहून घाबरू नका. महिन्याचा आकडा धरून चाला. महिन्याला २०० गुणिले ३०.४ म्हणजे ६,०८० रुपये, अधिक जीएसटी. पाच हजारांतच थांबायचं असेल तर रोजचं बजेट १३५-१४० ठेवावं लागेल. शिवाय पैसे आगाऊ भरण्याची सोय निवडा, म्हणजे भरलेली रक्कम संपली की जाहिरात आपोआप थांबते. क्रेडिट कार्ड जोडून स्वयंचलित आकारणी सुरू करणं नवख्याने टाळावं.

नव्या खात्याला गूगल ‘इतके खर्च करा, तेवढेच आमच्याकडून’ अशी सवलत देतं. ती आधी तुमचे पैसे खर्च झाल्यावर मिळते. तुमचं ठरलेलं बजेट पाच हजार असेल आणि सवलतीसाठी वीस हजार खर्चायचे असतील, तर ती सवलत तुमच्यासाठी नाही.

आणखी एक खर्च लोक धरतच नाहीत, तो म्हणजे अडकलेलं भांडवल. जाहिरातीचे पैसे आज जातात. अ‍ॅमेझॉनसारखं दुकान कमिशन देतं ते महिना संपल्यावर सुमारे साठ दिवसांनी. एप्रिलच्या विक्रीचे पैसे जूनअखेरीस हातात येतात. तोपर्यंत मे आणि जूनच्या जाहिराती चालू ठेवायच्या तर तीन महिन्यांचा खर्च आधी पदराशी हवा. उधारीवर किंवा पगारातून उचल घेऊन हा धंदा करू नका, याचं मुख्य कारण हेच.

मिक्सरचा हिशेब

आता पाच हजारांचं काय होतं ते पाहू. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत. तुमचे वेगळे येतील, पण मांडणी हीच राहील.

जाहिरातीला ४,२३७ रुपये. क्लिकचा भाव आठ रुपये धरला तर सुमारे ५३० क्लिक. पानावर आलेल्यांपैकी चारातला एक पुढे दुकानात जातो असं धरा, म्हणजे १३२ माणसं. त्यातली शंभरात तीन खरेदी करतात, म्हणजे चार मिक्सर. तीन हजारांच्या मिक्सरवर पाच टक्के कमिशन धरलं तर दीडशे रुपये. चार मिक्सरचे सहाशे.

गेले पाच हजार, आले सहाशे.

यात चूक कुठेच नाही. जाहिरात बरी लिहिली, पान बरं केलं, माणसं खरी आली, तरी हिशेब जुळला नाही, कारण एका क्लिकमागे कमाई झाली एक रुपया तेरा पैसे आणि खर्च झाला नऊ रुपये चव्वेचाळीस पैसे. मोबाइलसारख्या वस्तूंवर कमिशनचा टक्का याहून कमी असतो, तिथे तर प्रश्नच मिटला. सर्वसाधारण ऑनलाइन दुकानाच्या मालावर विकतच्या क्लिकने कमाई करणं भारतात फार थोड्यांना जमतं. ज्यांना जमतं ते बहुधा यूट्यूब, टेलिग्राम किंवा गूगलच्या फुकटच्या निकालांतून गिऱ्हाईक आणतात. त्यांच्या क्लिकचा भाव शून्य असतो. त्यांच्या कमाईचे स्क्रीनशॉट पाहून आपण विकतच्या क्लिकचा धंदा सुरू करतो, तिथे गणित फसतं.

म्हणून जाहिरात देण्याआधी एक सूत्र वहीत लिहून ठेवा. एका विक्रीचं कमिशन घ्या. शंभर क्लिकमागे किती विक्री होईल तो आकडा त्याला गुणा, शंभराने भागा आणि मग १.१८ ने भागा. जे उत्तर येईल तो तुम्हाला परवडणारा क्लिकचा कमाल भाव. वरच्या मिक्सरचं उत्तर ९६ पैसे येतं. आता गूगलच्या कीवर्ड प्लॅनर या फुकट साधनात तोच शब्द टाका. तिथे वरच्या जागेसाठी लोक किती बोली लावतात त्याचे कमी-जास्त असे दोन आकडे दिसतात. कमी आकडाही तुमच्या उत्तरापेक्षा मोठा असेल तर तो माल सोडून द्या. एक पैसाही खर्च न करता पाच हजार वाचवण्याची ही पद्धत आहे आणि या लेखातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ती ही घ्या.

सेलवासकडे असं काय आहे

२०११ च्या जनगणनेत सेलवास शहराची लोकसंख्या ९८,२६५ होती आणि अख्ख्या दादरा नगर हवेलीची ३,४३,७०९. आज ती बरीच जास्त आहे, तरी ‘सेलवासमधल्या लोकांना विकू’ म्हणून जाहिरात दिली तर शोध करणारेच थोडे. उलट बाहेरचे लोक सेलवासबद्दल पुष्कळ शोधतात. मुंबई, सुरत, वापी, नाशिककडून शनिवार-रविवारी येणारे लोक रिसॉर्ट शोधतात, दुधनीचं बोटिंग शोधतात, वसोण्याची सिंह सफारी, दादऱ्याची वनगंगा बाग, खानवेलचा रस्ता शोधतात. हॉटेल आरक्षणाच्या संकेतस्थळांचे कमिशन कार्यक्रम आहेत. इथल्या माणसाकडे माहिती आहे, मुंबईतल्या कंपनीकडे ती नाही. मग जमेल?

सरळ ‘सिल्वासा रिसॉर्ट’ या शब्दावर गेलात तर नाही. तिथे मोठी आरक्षण संकेतस्थळं, स्वतः रिसॉर्टवाले आणि गूगलची हॉटेलांची यादी अशी तिहेरी गर्दी आहे. सात रुपये क्लिक, जीएसटीसह ८.२६. शंभर क्लिकचे ८२६ रुपये. पस्तीस जण पुढे गेले, एकाने दोन रात्रींचं नऊ हजारांचं आरक्षण केलं, चार टक्क्यांनी ३६० मिळाले. त्यात आरक्षणं रद्द होतात आणि कमिशन राहून गेल्यावरच मिळतं.

जमतं ते अरुंद गल्लीत. ‘दुधनीजवळ राहण्याची सोय’, ‘लायन सफारीजवळ मुलांसाठी पोहण्याचा तलाव असलेलं रिसॉर्ट’, ‘भिलाड स्टेशनवरून सिल्वासा रिसॉर्ट कसं जायचं’. असं शोधणारा माणूस ठरवून आलेला असतो. इथे क्लिक तीन रुपयांना मिळाला, शंभरातले पन्नास पुढे गेले, त्यातल्या दोन-अडीच जणांनी आरक्षण केलं, काही रद्द झालं असं धरूनही सहा-सातशे हातात आणि खर्च ३५४. नफा आहे. पण असे शंभर क्लिक मिळायला महिना-दोन महिने लागतील, कारण शोधणारेच मोजके. मग असे पंचवीस-तीस शोध हुडकून प्रत्येकासाठी एक चांगलं पान लिहावं लागतं: नरोलीवरून आत शिरताना रस्ता कसा आहे, पावसाळ्यात दुधनीला गाडी कुठपर्यंत जाते, सफारी कोणत्या वारी बंद असते, जेवण मराठी-गुजराती पद्धतीचं कुठे मिळतं. ते पान स्वतः जाऊन, पाहून, फोटो काढून लिहिलेलं असेल तरच चालतं. दुसरीकडून उचललेल्या मजकुराच्या पानाला गूगल जाहिरातच चालवू देत नाही. स्वतःचा मजकूर नसलेली, फक्त पुढे ढकलणारी पानं त्यांच्या धोरणात बसत नाहीत.

नावाच्या स्पेलिंगचं भान ठेवा. आपण सेलवास म्हणतो, मुंबईकर सिल्वासा किंवा सिलवासा शोधतो आणि बरेच जण इंग्रजी अक्षरांत मराठी-हिंदी टाइप करतात. हे सगळे प्रकार कीवर्डमध्ये, म्हणजे ज्या शोधशब्दांवर जाहिरात दिसावी त्या यादीत, घाला. गूगल अ‍ॅड्समध्ये ठिकाण निवडताना दोन पर्याय असतात: त्या ठिकाणी असलेले लोक, किंवा त्या ठिकाणात रस असलेले लोकही. रिसॉर्टच्या जाहिरातीसाठी मुंबई, ठाणे, पालघर, वलसाड, सुरत, नाशिक हे जिल्हे निवडून ‘तिथे असलेले लोक’ हा पर्याय घ्यावा, म्हणजे दूरच्या राज्यातल्या माणसाच्या क्लिकचे पैसे जाणार नाहीत.

दुसरी वाट मला जास्त भरवशाची वाटते. ऑनलाइन दुकानाचं दीडशे रुपये कमिशन सोडा आणि गावातल्याच धंद्याशी थेट करार करा. ज्याला एक गिऱ्हाईक मिळालं तर हजारो रुपयांचं काम होतं असा धंदा निवडा: घरसामान हलवणारे, सोलर पॅनेल बसवणारे, लग्नाचं लॉन, कारखान्यांना लागणारं पॅकिंगचं साहित्य किंवा सुरक्षेचे बूट-हेल्मेट पुरवणारा व्यापारी. त्याच्याशी ठरवा, की खऱ्या चौकशीमागे दीडशे रुपये. क्लिक दहा रुपयांचा, जीएसटीसह ११.८०. दहा जणांमागे एकाने फोन केला तर चौकशी पडली ११८ रुपयांना, मागे राहिले बत्तीस. पंधरा जणांमागे एकाने केला तर चौकशी १७७ ला पडली आणि प्रत्येक फोनमागे सत्तावीस रुपये तोटा. म्हणून दर ठरवण्याआधी दोन आठवडे जाहिरात चालवून किती जणांमागे एक फोन येतो ते पाहा आणि मगच व्यापाऱ्याला दर सांगा. ‘खरी चौकशी’ कशाला म्हणायचं, पैसे किती दिवसांत द्यायचे, हे साध्या कागदावर का होईना लिहून घ्या. गिऱ्हाईकाचा नंबर पुढे देण्यासाठी त्याची संमती पानावरच घ्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा रोख तोच आहे.

जाहिरात लावताना

खातं स्वतःच्या नावाने, स्वतःच्या ईमेलवर उघडा. एखाद्या एजन्सीला काम दिलंत तरी तिला खात्यात वापरकर्ता म्हणून प्रवेश द्या, पासवर्ड देऊ नका. एजन्सी खर्चाच्या दहा-वीस टक्के किंवा महिन्याची ठरावीक रक्कम घेते. पाच हजारांच्या बजेटला एजन्सी परवडत नाही. गूगल जाहिरातदाराची ओळख पडताळतं, त्यासाठी सरकारी ओळखपत्रावरचं नाव आणि खात्याचं नाव जुळलं पाहिजे.

खातं उघडताना गूगल सोपी, स्वयंचलित मोहीम पुढे करतं. ती टाळून ‘एक्स्पर्ट मोड’मध्ये जा आणि ‘सर्च’ मोहीम निवडा. डिस्प्ले नेटवर्कची, म्हणजे इतर वेबसाइटांवरही जाहिरात दाखवण्याची, खूण आधीच लावलेली असते, ती काढा. क्लिकची कमाल बोली स्वतः लिहा. मघाच्या सूत्राने जो आकडा आला असेल तोच. कीवर्ड ‘एक्झॅक्ट’ किंवा ‘फ्रेज’ प्रकारात ठेवा. ‘ब्रॉड’ ठेवलात की जवळपासच्या कोणत्याही शोधावर जाहिरात दिसते आणि पैसे कुठे गेले ते सहज कळत नाही.

ते कळण्यासाठी ‘सर्च टर्म्स’ नावाचा अहवाल आहे, तो पहिल्या आठवड्यात रोज उघडा. ‘सिल्वासा रिसॉर्ट’ ब्रॉड ठेवलं तर त्यात अशा ओळी दिसू लागतात: सिल्वासा रिसॉर्ट जॉब. सिल्वासा कंपनी व्हेकन्सी. वापी टू सिल्वासा बस. सिल्वासा पिन कोड. सिल्वासा वाइन शॉप. यातल्या प्रत्येक ओळीसमोर तुमचे सात-आठ रुपये गेलेले असतात आणि यातला एकही माणूस खोली घेणार नाही. जॉब, व्हेकन्सी, सॅलरी, बस, पिन, वाइन, फ्री असे शब्द ‘निगेटिव्ह’ यादीत टाका, म्हणजे त्या शोधांवर जाहिरात दिसणार नाही. सेलवाससारख्या औद्योगिक गावाच्या नावावर नोकरी शोधणारे इतके असतात, की ही यादी जाहिरात सुरू करण्याआधीच तयार हवी.

दुकानाच्या पानावर काय विकलं गेलं ते गूगलला दिसत नाही. म्हणून कमिशन कार्यक्रमात प्रत्येक पानासाठी वेगळा ट्रॅकिंग आयडी करा. कोणत्या पानाने किती कमावलं ते त्याशिवाय कळणार नाही आणि तोट्याचं पान नफ्याच्या पानाचे पैसे खात राहील. मित्रांना जाहिरातीवर क्लिक करायला सांगू नका, पैसे तुमचेच जातात. खातं निलंबित झालं तर दुसरं उघडू नका; तेही बंद होतं. रीतसर अपील करा.

दुकानांच्या अटी वाचायला अर्धा तास द्या. अ‍ॅमेझॉनच्या कार्यक्रमात अ‍ॅमेझॉनच्या नावावर, अगदी चुकीच्या स्पेलिंगवरही, बोली लावायला मनाई आहे. जाहिरातीतून थेट अ‍ॅमेझॉनवर पाठवायलाही मनाई आहे. मध्ये तुमचं पान हवंच. स्वतःच्या लिंकवरून स्वतः केलेल्या खरेदीवर कमिशन नाही. लिंकवर बोट ठेवल्यापासून चोवीस तासांत माल टोपलीत पडला तरच तुमचा. नव्या खात्यात १८० दिवसांत तीन विक्री झाल्या नाहीत तर खातं बंद होतं. बहुतेक कंपन्यांच्या अटींत ब्रँडच्या नावावर बोली लावायला बंदी असते. ती मोडली तर साठलेलं सगळं कमिशन जप्त होतं, आणि जाहिरातीचे पैसे तर आधीच गेलेले असतात.

पानावर ठळक आणि मराठीत लिहा, की या लिंकवरून खरेदी केल्यास मला कमिशन मिळतं. हे वाचणाऱ्याचं देणं आहेच, शिवाय ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत. न वापरलेल्या मिक्सरला ‘मी सहा महिने वापरला’ म्हणणं हीसुद्धा दिशाभूलच.

कर

कमिशन देणारी भारतीय कंपनी दोन टक्के टीडीएस कापते. एका कंपनीकडून वर्षाला वीस हजारांपर्यंत मिळाले तर कपात नाही. पॅन दिला नाही तर वीस टक्के कापले जातात. कापलेली रक्कम आयकर पोर्टलवर तुमच्या नावावर दिसते आणि विवरणपत्र भरून परत मागता येते. जाहिरात, डोमेन, होस्टिंग हा धंद्याचा खर्च म्हणून वजा होतो, त्यामुळे गूगलची प्रत्येक पावती जपून ठेवा. छोट्या व्यापाऱ्यांना अंदाजे नफा दाखवून कर भरण्याची जी सोपी सवलत आहे ती कमिशनच्या उत्पन्नाला चालत नाही. म्हणजे जमाखर्चाची वही ठेवणं आलंच. सेवेची वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. पुढे कधी करावी लागली तर दादरा नगर हवेली आणि दमण-दीवचा राज्य-कोड २६. कारखान्यात कायम नोकरी असेल तर नेमणूकपत्रात जोडधंद्याबद्दल काय लिहिलंय तेही पाहून घ्या.

यांना थेट नाही म्हणा

सट्टा, रमी, पैसे लावून खेळायच्या अ‍ॅपचं कमिशन सगळ्यात जास्त दाखवलं जातं. ऑगस्ट २०२५ मध्ये झालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशांचे असे खेळ आणि त्यांची जाहिरात, दोन्ही बंद केले आहेत. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. कितीही कमिशन असो, हात लावू नका.

कर्ज आणि गुंतवणुकीच्या जाहिरातींना गूगलची वेगळी पडताळणी लागते, साध्या माणसाला ती बहुधा मिळत नाही. तिथे वेळ घालवू नका.

आणि तिसरं, जे सेलवास-वापीत सगळ्यात जास्त पसरतं: पाच-सात हजारांचा ‘अ‍ॅफिलिएट मार्केटिंगचा कोर्स’, ज्यात शिकवतात ते एवढंच, की हाच कोर्स आणखी चार जणांना विका. माल कोणता हे विचारा. माल म्हणजे तो कोर्सच असेल आणि कमाई माणसं जोडण्यावर असेल, तर ती साखळी आहे. पैसे फिरवण्याच्या अशा योजनांवर १९७८ च्या कायद्याने बंदी आहे आणि थेट विक्रीच्या २०२१ च्या नियमांतही पिरॅमिड पद्धतीला मनाई आहे. या लेखात लिहिलेलं सगळं गूगल अ‍ॅड्सच्या मदत पानांवर आणि कमिशन कार्यक्रमांच्या अटींमध्ये फुकट वाचायला मिळतं. शिकण्यासाठी कोणाला पैसे देण्याची गरज नाही.

ज्यांना करून पाहायचंच आहे त्यांनी हरले तरी घरखर्चाला धक्का लागणार नाही असे पाच हजार बाजूला काढावेत, सूत्राने माल निवडावा आणि चारशे-पाचशे क्लिक होईपर्यंत थांबावं. तोवर एका क्लिकमागची कमाई खर्चाच्या निम्म्यापर्यंत आली असेल तर शब्द आणि पान सुधारून आणखी एक महिना द्या. निम्म्याच्या खाली असेल तर तो माल बंद करा, बजेट वाढवू नका. आणि कोर्सवाल्याने किंवा ‘तुमचं खातं आम्ही चालवतो’ म्हणणाऱ्याने पैसे घेऊन फसवलंच, तर लाजून गप्प बसू नका: पैसे गेल्या गेल्या सायबर हेल्पलाइन १९३० वर फोन करा, आणि सेवेबद्दल तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.